चौकशी खिडकीतलं ‘येईल’

मास्तर आयुष्यात कधी संडासला गेले नाहीत. ते ‘उतरायचे’. सकाळपासून चार वेळा उतरलो, जेवता जेवता उतरलो, मुरुम ते उमरगा एवढ्याशा अंतरात दोनदा उतरलो. पोटात कळ आली की ‘सिंगल वाजली’, मोकळे होऊन आले की ‘डबल दिली’. आणि रक्त पडलं तर आजूबाजूला कुणी बाईमाणूस नाही असं बघून, आवाज खाली आणून, ‘आज लाल गाडी.’ एसटीत कंडक्टर म्हणून सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाची ही भाषा. समोर मी, हातात पुण्याहून आलेला अठरा पानी फॉर्म. त्यात प्रश्न होता : गेल्या चोवीस तासांत शौचाला किती वेळा? मास्तर म्हणाले, ‘अकरा वेळा उतरलो.’ मी शहाण्यासारखं लिहिलं, शून्य. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, रुग्ण दिवसभर प्रवासात असतो.

तो कागद तसाच पुण्याला गेला असता तर मास्तर त्या सगळ्या अभ्यासातले सर्वांत ठणठणीत रोगी ठरले असते. डॉक्टरबाईंनी वेळेवर पाहिला म्हणून वाचलो. त्यांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं. हा माझा पहिला पराक्रम. हसण्यावारी नेण्यासारखा तेवढाच.

मी मूळचा भूम तालुक्यातल्या ईटचा. रसायनशास्त्रात पदवी आहे, पण ती कितव्या खेपेला मिळाली हे विचारू नये. उमरग्याला डॉक्टरबाईंचा पोटाच्या विकारांचा दवाखाना आहे. पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं आतड्याला कायमची सूज येणाऱ्या आजारावर अभ्यास काढला, तेव्हा त्यांना इथल्या रोग्यांचं रक्त, लघवी आणि शौचाचे नमुने गोळा करून, बर्फात घालून पाठवणारा माणूस हवा होता. तो मी. माझ्या हुद्द्याचं इंग्रजी नाव इतकं लांब होतं की ओळखपत्रावर दोन ओळींत मावायचं नाही. गावात वडील सांगत, पोरगं संशोधनात आहे. मास्तरांनी पहिल्याच दिवशी ओळखपत्र लांब धरून वाचलं आणि विचारलं, ‘म्हंजी तू डब्या गोळा करतूस?’

माणसाला नावानं हाक मारायची त्यांना सवयच नव्हती. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे त्याचं उतरायचं ठिकाण. ‘ओ तुळजापूर, जरा सरका’, ‘लातूर, पाय आत घ्या’, असं सत्तावीस वर्षं ओरडून झाल्यावर तसंच व्हायचं. मी ईटचा म्हटल्यावर मी ईट झालो. डॉक्टरबाई सोलापूरच्या, म्हणून त्यांच्या माघारी त्या सोलापूर. अभ्यासात मास्तरांना सतरावा क्रमांक मिळाला तेव्हा ते म्हणाले, ‘सतरा म्हंजी चाकावरचं शिट. हादरे बसणारच.’ स्वतः ते मुरुमचे, लिंगायत, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. घरी बायकोशी कानडीत बोलायचे, दवाखान्यात मराठीत, आणि दुखायला लागलं की कुठल्याच भाषेत नाही.

हा आजार त्यांना सहा वर्षांपासून होता, आणि ती सहाही वर्षं तो मूळव्याध या नावाखाली वावरत होता. आपल्याकडे बुडातून रक्त पडलं की तपासायच्या आधी नाव तयार असतं. मास्तरांनी मूळव्याधीचं चूर्ण घेतलं, लेप लावला, तिखट सोडलं, एका गावात जाऊन धागा बांधून आले. मूळव्याध असती तर बरीही झाली असती. पण मोठ्या आतड्याला आतून जखमा होत होत्या आणि त्या बांधलेल्या धाग्याला घाबरत नव्हत्या. डॉक्टरबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा खरं नाव कळलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मास्तरांनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. ‘एवढं मोठं नाव पाटीवर बसायचं न्हाय,’ म्हणाले.

त्या सहा वर्षांत चालत्या गाडीत नोकरी कशी केली, हे मी एकदा विचारलं. त्यांनी रसूलभाईंचं नाव घेतलं. रसूलभाई त्यांचे ड्रायव्हर. मास्तरांनी सिंगल वाजवली आणि थांबा नसला, की रसूलभाई गाडी कडेला घेऊन खाली उतरत, बॉनेट उघडून आत डोकं घालत, आणि प्रवाशांना ऐकू जाईल असं म्हणत, ‘इंजन गरम हो गया.’ मास्तर डबा घेऊन ज्वारीत. मास्तर परत आले की इंजिन थंड. पुढे पुढे डेपोत तक्रार गेली की ही गाडी फार तापते. मेकॅनिकनं तपासली, काही सापडलं नाही. ती बोलणी रसूलभाईंनी खाल्ली, पण मास्तरांचं नाव घेतलं नाही. हे सांगताना मास्तर हसले. ‘त्या माणसानं माझ्यापायी चांगल्या गाडीला बदनाम केलं,’ म्हणाले.

शेवटी त्यांना हलकं काम मिळालं. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचं, कारण खिडकीच्या मागेच संडास होता. तिथं बसून त्यांनी एक विद्या कमावली, ती म्हणजे ‘येईल’ म्हणण्याची. दिवसभर माणसं विचारायची, अमुक गाडी येईल का? वाटेत पंक्चर झाली असेल, घाटात अडकली असेल, खिडकीत बसलेल्या माणसाला काही कळायची सोय नसायची. तरी म्हणायचं, येईल. मी म्हटलं, माहीत नाही असं सरळ सांगायचं. ते म्हणाले, ‘ईट, नीट आईक. न्हाय म्हणलं तर माणूस भांडतंय. येईल म्हणलं तर बसतंय. आन माहीत न्हाय असं म्हणणारा माणूस म्या त्या खिडकीत उभ्या जन्मात बघितला न्हाय.’ मग त्यांनी मला ‘येईल’चे प्रकार म्हणून दाखवले. खरोखर येणाऱ्या गाडीचं ‘येईल’ आखूड, तुटक असतं. माहीत नसलेल्या गाडीच्या ‘येईल’पुढं ‘की’ लागतो. ‘येईल की.’ ते इतकं हुबेहूब म्हणाले की मी पोट धरून हसलो. हे मी तेव्हा ध्यानात ठेवायला हवं होतं.

अभ्यास कशाचा आहे हे रोग्याला त्याच्या भाषेत समजावून सांगायचं, असा नियम होता. मी सुरुवात केली. शरीरात हजारो प्रथिनं असतात, अन्नाचं रूपांतर होताना हजारो बारीक रेणू तयार होतात, पुण्याचं यंत्र ती सगळी मोजतं आणि निरोग्यात नि रोग्यात काय फरक आहे ते बघतं. मास्तर म्हणाले, ‘प्रथिनं म्हंजी डाळ?’ मी जनुकांवर गेलो, तिथून परत येता येईना. अर्ध्या तासानं माझी दया येऊन त्यांनीच गाडी रुळावर आणली. ‘म्हंजी बघ. जन्मताना जे लिहून आलंय ते झालं वेळापत्रक. ते भिंतीवर असतंय, त्यावर काय चालत न्हाय. आज डेपोतनं खरंच कुठल्या गाड्या सुटल्या, ती तुझी प्रथिनं. आन सांजच्याला स्टँड झाडताना जे निघतंय, शेंगांची टरफलं, उसाची चिपाडं, त्यावरनं कळतंय दिवसभर कोण आलं नि काय खाऊन गेलं, ते तुझं बारीक रेणू. व्हय का?’ मी हो म्हटलं. पुढे मी हे पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमना फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, हे मी माझ्या भाषणात वापरू का? आता त्या वापरतात. कुणाचं आहे ते सांगत नाहीत, कारण रोग्याचं नाव सांगायचं नसतं.

समजावणं झालं, मग फॉर्म वाचून दाखवणं. अठरा पानं मोठ्यानं वाचायची, रोग्यानं ऐकायची, मग सही. मास्तर त्या वाचनात दोनदा उतरून आले. चौदाव्या पानावर एक वाक्य होतं : या अभ्यासातून सहभागी व्यक्तीस वैयक्तिक अहवाल दिला जाणार नाही. ते वाक्य आलं तेव्हा मास्तर खुर्चीत नव्हते. मला जेवायला जायचं होतं. मी ते वाक्य रिकाम्या खुर्चीला वाचून दाखवलं आणि पान उलटलं. मास्तर आले, कुठं आलो म्हणाले, मी म्हटलं, झालंच आता. त्यांनी सही केली. खाली, समजावून सांगितले, असं छापलेलं होतं, तिथं मी केली.

नमुने घेतले आणि आता खव्याची गोष्ट सांगणं भाग आहे. ईट-भूमकडचा खवा नावाजलेला. मी सुटीत घरी गेलो होतो, आईनं डॉक्टरबाईंसाठी वेलदोडा घातलेला दोन किलो खवा दिला, तो नासू नये म्हणून मी दवाखान्यातल्याच थर्मोकोलच्या खोक्यात, बर्फात घालून आणला. त्याच दिवशी नमुन्यांचं खोकं पुण्याला जायचं होतं. दोन्ही खोकी सारखी, दोन्हींना मीच चिकटपट्टी मारलेली. दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. आवाज फार शांत होता. ‘तुम्ही पाठवलेला नमुना आम्ही उघडला. त्याला वेलदोड्याचा वास येतोय.’ मी खाली बसलो. मग एकदम उठलो, कारण दुसरं खोकं कुठं असेल हे लक्षात आलं. ते डॉक्टरबाईंच्या घरच्या फ्रिजमध्ये, त्यांच्या सासूबाईंनी दुधाशेजारी ठेवलं होतं. देवाच्या कृपेनं चिकटपट्टी काढलेली नव्हती. पण तोवर आतला बर्फ वितळला होता आणि ते नमुने यंत्राच्या कामाचे राहिले नव्हते.

त्यात मास्तरांचा नमुना होता. मी मुरुमला त्यांच्या घरी गेलो आणि खरं ते सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते इतके हसले की त्यांना उतरावं लागलं. परत आले ते भिंतीला धरून. म्हणाले, ‘मशीनीला लावला का त्यांनी खवा? लावायला पायजे हुता. माझा रिपोर्ट एक नंबर आला असता.’ त्यांच्या बायको, काकू, स्वयंपाकघरातून तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही हसलो. पण मला पुन्हा रक्त हवं होतं, पुन्हा डबी हवी होती, आणि भिंतीला धरून उभ्या असलेल्या माणसाकडं ते कुठल्या तोंडानं मागायचं कळेना. मास्तरांनीच विचारलं, ‘आता दुसऱ्यांदा दिलं तर रिपोर्ट कधी येईल?’

तिथं मला सांगता आलं असतं की रिपोर्ट नसतो. तुमच्या रक्तातून पुढच्या माणसांना काही कळेल, तुम्हाला नाही. पण खव्याची लाज ताजी होती, आणि काकूंनी नुकतीच चहाची कपबशी पुढं ठेवली होती. मी म्हटलं, ‘येईल की, मास्तर. तुम्हाला कुठलं औषध लागू पडंल तेबी कळंल त्यातनं. ऑपरेशनची पाळीच येणार न्हाय कदाचित.’ हे शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते मी चहाबरोबर बिस्किट ठेवावं तसं वरून ठेवलं.

ऑपरेशनचा विषय त्या घरात आधीच शिरलेला होता. गोळ्या थकल्या, स्टिरॉइड वाढवलं की चेहरा सुजायचा, कमी केलं की लाल गाडी. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की औषधानं भागलं नाही तर मोठं आतडं काढावं लागेल, आणि पोटाला भोक पाडून बाहेर शौचासाठी पिशवी लावावी लागेल. मास्तर मरणाला फारसे भ्यायचे नाहीत, पिशवीला भ्यायचे. लोक बघतील, वास येईल, हे होतंच. पण खरी गोष्ट त्यांनी मला एकदा रक्त देताना, तोंड दुसरीकडं करून सांगितली. त्यांनी छातीवरच्या लिंगावर हात ठेवला, मग वीतभर खाली पोटावर ठेवला. ‘हितं हे, आन हितं ते. रोज सकाळी पूजेला बसायचं ते कसं, सांग.’ मी सुई काढून कापूस दाबला.

पावसाळा सरता सरता त्यांना ताप यायला लागला. पोट फुगायला लागलं. डॉक्टरबाईंनी चिठ्ठी दिली, आठ दिवसांच्या आत सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखल व्हा, तिकडं सर्जनशी बोलून ठेवलंय. मास्तरांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली, हो म्हणाले आणि मुरुमला जाऊन घरी बसले. डॉक्टरबाईंना वाटलं, गेले सोलापूरला. मला तर काहीच वाटलं नाही, मी डब्या मोजत होतो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी अभ्यासाच्या पुढच्या फेरीचा नमुना घ्यायला मी मुरुमला गेलो. दार काकूंनी उघडलं आणि माझ्याकडं बघून त्यांचा चेहरा उजळला. तो चेहरा मला अजून आठवतो. आत वळून त्यांनी कानडीत सांगितलं, ‘बंदा, रिपोर्ट तोगोंड बंदा.’ आला, रिपोर्ट घेऊन आला. मला तेवढी कानडी येते. मास्तर खाटेवर होते. डोळे मोठे झाले होते, बाकी सगळं लहान. कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात, भस्माच्या गोळ्याशेजारी, माझ्या सहीच्या त्या अठरा पानी फॉर्मची त्यांना दिलेली प्रत नीट घडी घालून ठेवलेली होती. काकू म्हणाल्या, ‘सोलापूरची तारीख ह्यांनीच पुढं ढकलली. म्हणाले, ईट येईल रिपोर्ट घेऊन, मग बघू. तुमी सांगितल्यापास्नं तेवढ्यावरच हायेत.’

मास्तरांनी विचारलं, ‘आला?’

मला वाटतं या जगात भित्र्या माणसाएवढं नुकसान दुष्ट माणूस करत नसेल. दुष्टाला निदान ठरवावं लागतं. मी मास्तरांकडं बघितलं, काकूंकडं बघितलं, देव्हाऱ्याकडं बघितलं आणि म्हटलं, ‘येईल की.’ मास्तर माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिले. मग त्यांनी दंड पुढं केला, रक्त घे म्हणून. आणि मी घेतलं. त्या अवस्थेतल्या माणसाचं रक्त मी घेतलं, नळीवर सतरा लिहिलं, बर्फात ठेवलं आणि परत निघालो.

उमरग्याला पोचल्यावर थेट डॉक्टरबाईंकडं गेलो आणि रिकाम्या खुर्चीपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी स्टेथोस्कोप पिशवीत टाकला आणि जीप मागवली. वाटेत एकच वाक्य बोलल्या, ‘त्यांना मी सांगितलं होतं आठ दिवस, तू दिलेस एकवीस.’ त्याच दुपारी मास्तरांना सोलापूरला नेलं. मोठं आतडं फुगून एका जागी फाटलं होतं. संध्याकाळी ऑपरेशन झालं. पिशवी लागली ती लागलीच.

चौथ्या दिवशी मला आत सोडलं. पोटात पू पसरला होता, ताप उतरत नव्हता, नाकात नळी होती. पण त्यांनी मला ओळखलं. पांघरुणावरून पिशवीवर हात ठेवून म्हणाले, ‘सत्तावीस वर्षं खांद्यावर हुती. आता हितं आली. ह्यातलं सुट्टं मातर कुणी मागत न्हाय.’ मी हसायचा प्रयत्न केला. काकू खाली बसून लिंग एका फडक्यात धरून होत्या. ऑपरेशनसाठी काढलेलं ते मास्तरांनी परत गळ्यात घालू दिलं नव्हतं.

मग म्हणाले, ‘ईट, रिपोर्ट येणारच न्हवता. व्हय का न्हाय?’

मी मान डोलावली, व्हय म्हणून.

‘तू चहा पितापिताच म्हणालास, येईल की. तवाच वळखलं म्या. त्या आवाजात म्या का कमी बोललोय?’

‘मग थांबलात कशाला, मास्तर?’

त्यांनी नजर वरच्या पंख्याकडं नेली. ‘दुसऱ्या गाडीत बसायचं न्हवतं. म्हणून हिची वाट बघितली.’ थोडा दम घेतला. ‘पर तू सरळ बोलला असतास तर उठलो असतो, असं वाटतंय. आता काय, कुणालाच कळायचं न्हाय ते.’ मग त्यांनी डोळे मिटले आणि बोटानं पांघरुणावर दोनदा टकटक केलं. डबल. म्हणजे मी जावं. मी गेलो.

त्यानंतर ते सहा दिवस होते.

लिंगायतांत माणसाला आडवा पुरत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला भस्म लावतात, हातात लिंग देतात. मुरुमला त्या खड्ड्याच्या काठाशी रसूलभाई माझ्या शेजारी उभे होते. मास्तरांना खाली बसवलं तेव्हा ते हळूच म्हणाले, ‘आज बैठने को मिला उसको.’ सत्तावीस वर्षं गाडीत उभ्यानं नोकरी केलेला माणूस. पिशवी काढली होती की तशीच होती, हे मी विचारलं नाही. नव्या पांढऱ्या कापडात सगळं झाकलेलं होतं, आणि लिंग हातात होतं, एवढं मी पाहिलं.

पुण्याचा अभ्यास संपायला आणखी दीड वर्ष गेलं. शेवटी सहभागी झालेल्या सगळ्यांसाठी एक पानभर मराठी मजकूर आला. ज्यांचा आजार उसळणार असतो त्यांच्या शौचात काही प्रथिनं आधीच वाढलेली दिसतात. आतड्यातले जंतू भाकरी-भाजीच्या चोथ्यापासून जे एक आम्ल तयार करतात, आणि ज्यावर आतड्याचं अस्तर जगतं, ते कमी झालेलं दिसतं. आणि शेवटचा परिच्छेद : अशा खुणा पक्क्या झाल्या, तर कोणत्या रोग्याला औषधावर थांबवून ठेवू नये आणि लवकर शस्त्रक्रियेकडे न्यावे, हे पुढे कधीतरी आधीच सांगता येईल. तो परिच्छेद मी दवाखान्याच्या पायरीवर बसून वाचला. ‘सांगता येईल’मध्ये ‘की’ नव्हता. मॅडम प्रामाणिक बाई आहेत.

मी तो कागद घेऊन मुरुमला गेलो. काकूंनी पाट दिला. मी मजकूर वाचून दाखवला, यावेळी कुणी उठून गेलं नाही. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, ‘ह्यात ह्यांचं काय हाय?’ मी म्हटलं, ‘सगळ्यांचं मिळून हाय, काकू. ह्यांचं वेगळं न्हाय. नाव न्हाय, नंबरबी न्हाय. ह्यांचा रिपोर्ट न्हाय, आन तो कधी येणारबी न्हवता. ते वाक्य म्या ह्यांच्या माघारी वाचलं हुतं.’ मला वाटलं, आता त्या बोलतील. बोलल्या असत्या तर मी खाली मान घालून ऐकायला तयार होतो, तालीम करूनच गेलो होतो. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी केली, आणि देव्हाऱ्याकडं न जाता चुलीकडच्या फळीवर, रॉकेलच्या बाटलीखाली ठेवला. मग म्हणाल्या, ‘त्यांचं रक्त अजून हाय का तुमच्याकडं?’ मी हो म्हटलं. पुण्याला, फार थंड पेटीत, सतरा नंबरच्या तीन नळ्या शिल्लक आहेत. त्यातली एक त्यांनी खाटेवरून दंड पुढं केला त्या दिवशीची. ‘थंडी लई वाजायची त्यांना,’ काकू म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मी स्टँडवर आलो. चौकशीची खिडकी बंद होती, आत कुणी नव्हतं. मी बाकावर बसलो. गळ्यात ओळखपत्र, मांडीवर थर्मोकोलचं रिकामं खोकं. एक म्हातारा काठी टेकत आला, खिडकीत डोकावला, आणि ओळखपत्र बघून माझ्याशेजारी बाकावर येऊन बसला.

‘उमरग्याची गाडी येईल का हो?’

शब्द तोंडात तयारच होता. ‘की’सकट.

‘माहीत न्हाय, बाबा.’

‘माहीत न्हाय म्हंजी? येतीया का न्हाय?’

‘मला खरंच माहीत न्हाय.’

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की बघतच राहिला. असल्या माणसाला ओळखपत्र कुणी दिलं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं. मग स्वतःशीच काहीतरी पुटपुटला, काठी टेकून उठला, आणि कोपऱ्यावर वडापची जीप भरत होती तिकडं चालू लागला.

दोन शब्द. त्याला उठायला तेवढे पुरले.